ळ

मोंबासात मी मटाटू रंगवायचे,
तिथल्या त्या भरधाव, गाणी किंचाळणाऱ्या गाड्या.
सिंह, फुटबॉलपटू, येशू, एकदा तर मगर,
आणि मागच्या काचेवर मालकाच्या बायकोचं नाव
सोनेरी कड सोडून.
अक्षरं सगळी रोमन.
मराठी आमच्याकडे तोंडी होती, स्वयंपाकघरापुरती,
ती लिहायची वेळच कुणावर आली नाही.

पणजोबा लष्करातून गेले.
म्हणजे फौजेतून नव्हे, ग्वाल्हेरच्या लष्करातून,
हा खुलासा आमच्या घरात तीन पिढ्या करावा लागला.
रेल्वेत तारबाबू.
सोबत पोळपाट, छत्री आणि आडनाव,
त्यातलं आडनाव बंदरावरच्या कारकुनाने
जसं ऐकलं तसं उतरवलं.

मी उतरले तेव्हा मे महिना होता,
रात्री दोनलाही भिंतीला पाठ टेकवत नव्हती.
जनकगंजात खोली मिळाली.
राजावत वहिनींनी विचारलं, "मूल कहाँ के हो आप लोग?"
म्हटलं, इथलेच.
"ना ना, मराठे तो सब बाहर के हैं,"
असं म्हणून त्यांनी प्रेमाने गार पाणी दिलं.
पणजोबांच्या आधीच्या पाच पिढ्या इथेच जळल्या,
हे सांगायला निघाले होते,
पण पाणी खरंच गार होतं.

फालका बाजारात इशाक मियाँचं दुकान.
फ्लेक्सवाल्यांनी खाऊन जे उरवलं ते त्यांचं काम:
शाळेच्या भिंती, देणगीदारांच्या याद्या, दारावरच्या पाट्या.
त्यांनी पत्र्याचा तुकडा पुढे सरकवला.
"लिखो, मिष्ठान्न."
माझा ष्ठ मोडून पडला.
त्यांनी काही न बोलता टर्पेंटाइनने पुसला.
पावसाळा संपेपर्यंत मी फक्त शिरोरेघा ओढल्या.
मोकळ्या, खाली काहीच न टांगलेल्या,
कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांसारख्या.

मग पिंगळे मास्तरांची पाटी तिसऱ्यांदा परत आली.
"साहब कहते हैं ग़लत है. अब इसमें ग़लत क्या है?"
मी वाचलं: पिंगले.
चूक लगेच कळली, पण हातात काही येईना.
ते अक्षर मी जन्मभर बोलत आले होते,
कधी काढलं नव्हतं.
मी मनातल्या मनात म्हटलं: पोळी. गूळ. जवळ ये.
जीभ मागे वळून टाळूला टेकली,
तिथेच ठेवली,
आणि ब्रश तिच्या मागोमाग गेला.

इशाक मियाँ वाकून बघत राहिले.
"ये तो चश्मा है," म्हणाले,
"रस्सी पे टँगा हुआ."
आणि संध्याकाळी जाताना चाळीस रुपये जास्त.

आता माणसं येतात.
धुमाळांची चक्की, काळ्यांची मेस,
माधवगंजातल्या वेलणकर नावाच्या गृहस्थांच्या
आडनावात ळ नव्हताच,
तरी ते बाकावर बराच वेळ बसून राहिले.
जाताना म्हणाले, "बाळ, तुझी ओळ सरळ येते हं."
एका वाक्यात चार.
मुद्दाम बोलले की काय, कोण जाणे.

मला मध्ये ताप आला, आठवडाभर.
परत गेले तर टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी.
निळ्यावर पांढरं, सावली तपकिरी,
मटाटूसारखी सोनेरी कड, मी कधीतरी सांगितली होती ती.
माझी पाटी.
पन्नास वर्षांचा हात, सवयीने गेलेला:
मुले.

आम्ही मुळे.
एक थेंब रंग पुरला असता.
इशाक मियाँ चहा ओतत होते,
माझ्याकडे न बघता.

दाराला लावली आहे, तशीच.
वहिनी विचारतात, "मुले माने क्या?"
मी सांगते, बच्चे.
त्या रिकाम्या खोलीकडे बघतात, मग माझ्याकडे.

उद्या धुमाळांची नवी भिंत, अठरा फूट.
ब्रश भिजत घातलेत.